कोकिळाबाईंच्या हिरड्या

२३ जून १९५८, सोमवार

तिसरीच्या मुलींना शुद्धलेखन घालून मी पाट्या बघत फिरत होते. ठमीच्या पाटीवर शुद्धलेखन नव्हतं, चित्र होतं. अंबाडा, कपाळावर गोल कुंकू आणि तोंड. तोंड तिनं विटेच्या तुकड्यानं लाल भरून टाकलं होतं. दात एकही नाही. खाली नाव लिहायची गरजच नव्हती.

"दात कुठं गेले गं?" मी विचारलं.

ठमी खरं तेच बोलते, म्हणून तिच्यावर हात उचलता येत नाही. म्हणाली, "बाई, तुमचे दिसत न्हाईत. मंग काढू कशे?"

पाटी पुसायला लावली. नंतर चौथीचा भूगोल मी फळ्याकडे तोंड करूनच शिकवला.

घरी आल्यावर आरशात पाहिलं. वरच्या दातांच्या फटीफटीतून हिरड्यांचे गोळे उतरलेत, जांभळट, टणक. पुढच्या चार दातांचे खालचे अर्धे तुकडे तेवढे उरलेत, बाकीचे मांसाखाली गेले. खालीही तेच. दुखत काही नाही. दुखलं असतं तर निदान कुणापाशी रडता तरी आलं असतं.

ट्रेनिंग कॉलेजचा ग्रुप फोटो काढून बघितला. १९५५ सालचा. दुसऱ्या रांगेत मी, कोकिळा रावजी शिगवण, तोंडभर हसतेय आणि सगळे दात जागच्या जागी आहेत. तीन वर्षांत हे कुठून आलं? पान खात नाही, तंबाखूची मिसरी लावत नाही, रोज दोनदा दात घासते.

टाचणवहीची मागची पानं कोरी आहेत, त्यांवर हे लिहितेय. वही ट्रंकेत कुलपात राहील.

२५ जून, बुधवार

चंद्राबाईंचा आज इतका राग आला की घर बदलावंसं वाटलं. नागावला बदली झाली तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, मी त्यांच्या पडवीलगतच्या खोलीत राहतेय. बाई विधवा, साठीच्या पुढच्या, मागे सुपारी-नारळाची वाडी. मनानं वाईट नाहीत, पण मला काही म्हणजे काही करू देत नाहीत. विहिरीवर गेले की मागून हजर. "रहाटापाशी तू जायचं न्हाय. पाणी मी आणून देतंय." चुलीपुढं बसू देत नाहीत. "मास्तरणीनं पुस्तकं वाचावी." न्हाणीच्या दाराची कडी तर त्यांनी उपटूनच ठेवलीय आणि विचारलं तर म्हणतात मोडली. मोडलेली कडी कोनाड्यात धडधाकट पडलेली मी पाहिली आहे.

आज समुद्रावर एकटीनं चालून यावं म्हणून निघाले, तर सुरूच्या झाडांपर्यंत पोचते न पोचते तोच मागून हाक. पायात चपला नाहीत, धापा टाकतायत. "मलाबी वारा खायचाय."

चोवीस वर्षांची आहे मी. सरकारी पगार घेते. बेचाळीस मुली माझ्या शब्दावर उठतात आणि बसतात, आणि मला मात्र आंघोळ उघड्या दारानं करावी लागते.

२९ जून, रविवार

दादा येऊन गेला. थोरला भाऊ, बाळाजी. मुंबईत गिरणीत आहे. दोन महिन्यांनी एकदा तो रेवसच्या लाँचनं येतो आणि धोतराच्या घडीत गुंडाळलेली बाटली देतो. आम्ही तिला "लोणचं" म्हणतो. बाटली हातात आली की पहिलं काम म्हणजे नखानं लेबल खरवडून काढणं.

इथं तरी खरं लिहिते. मला फेफरं येतं. यायचं. अकराव्या वर्षी तळ्याला, म्हणजे आमच्या गावी, खाचराच्या बांधावरून चालताना पहिल्यांदा पडले. मग वडिलांनी देवऋषी केले, कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, हातावर डाग दिले. डाग अजून आहेत, म्हणून मी कोपरापर्यंत पोलकं घालते. ट्रेनिंग संपल्यावर दादानं मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं आणि या पांढऱ्या गोळ्या सुरू झाल्या. सकाळी एक, रात्री एक. तेव्हापासून एकदाच पडले, इथं आल्या आल्या, तापात गोळ्या चुकल्या तेव्हा. दुपारची वेळ होती, पडवीत जागी झाले तर आसपास कोणी नव्हतं. देवाची कृपा. त्यानंतर एक गोळी चुकवलेली नाही.

नोकरी लागताना आरोग्याचा दाखला लागला. डॉक्टरनं विचारलं, काही आजार? मी म्हटलं, नाही. त्यानं मान वर न करता सही केली. त्या एका "नाही"वर माझी शाळा उभी आहे.

निघताना दादा म्हणाला, "तोंडाला काय झालं तुझ्या? अशानं कोण पसंत करील?" मग स्वतःच ओशाळला. माझ्या लग्नाचं आम्ही कोणी बोलत नाही.

५ जुलै, शनिवार

सकाळची शाळा सुटल्यावर एस.टी.नं अलिबागला गेले. दातांचे डॉक्टर चौलकर नवे आले आहेत, मुंबईत शिकून. मला वाटलं होतं दात उपटणारा कोणी असेल. पण माणूस मऊ बोलतो. चाळिशीही गाठली नसेल, पण केस पिकलेत.

त्यांनी एक बारीक बोथट सळई हिरडीखाली घातली. इतकी आत गेली की मला वाटलं टाळूतून बाहेर येते.

"दात शाबूत आहेत तुमचे. सुंदर आहेत. वर नुसती रजई चढलीय," ते म्हणाले. "जादा झालेलं मांस कापून, हिरडीला पुन्हा आकार द्यायचा. चार बैठका लागतील. खाली अन्न अडकतं ते असंच राहिलं तर दात हलायला लागतील, तेव्हा नुसता शोभेचा प्रश्न नाही हा."

मी म्हटलं, कापा.

मग त्यांनी विचारलं, "कुठलं औषध चालू आहे?"

"नाही."

"बराच काळ घेतलेलं? कसल्याही गोळ्या?"

"नाही म्हटलं ना."

माझा आवाज चढला असावा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं. काय लिहिलं ते उलट्या बाजूनं वाचता आलं नाही.

१२ जुलै, शनिवार

वरची उजवी बाजू झाली. सुईनं ओठ आणि गाल मेल्यासारखे झाले. नंतर नुसता आवाज, आपल्याच डोक्याच्या आतून येणारा, पेरू कापल्यासारखा. डोळे मिटून मी नद्यांची नावं म्हणत होते: सावित्री, कुंडलिका, अंबा, पाताळगंगा. इनॅमलच्या बशीत त्यांनी मांसाचे तुकडे टाकले. एवढेसे. सुपारीच्या खांडांएवढे. याच्यासाठी मी तीन वर्षं पदर तोंडावर धरला.

वरून लवंगेच्या वासाचा गुलाबी लगदा थापलाय, आठवडाभर काढायचा नाही. पेज खायची, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या.

चंद्राबाईंना दाढ काढली म्हणून सांगितलं. त्यांनी पेज केली, मऊ, तुपाची. वाटी समोर ठेवून म्हणाल्या, "दाढ कुठली काढलीस ती दाव." मी तोंड उघडलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

१९ जुलै, शनिवार

लगदा निघाला. डॉक्टरांनी छोटा आरसा हातात दिला. उजव्या बाजूला दात आहेत! लांब, पांढरे, हिरडीची कड चंद्रकोरीसारखी. डाव्या बाजूला जुनंच सगळं. एका तोंडात दोन बायका.

बाहेर येऊन एस.टी. स्टँडवर मी उजवीकडचीच बाजू लोकांकडे करून उभी राहिले. वेडी!

१५ ऑगस्ट, शुक्रवार

चौथी बैठक गेल्या आठवड्यात झाली. आज झेंडावंदन होतं. आमचे हेडमास्तर धर्माजी गुरुजी भाषणाच्या मध्येच "भारत" ऐवजी "भात" म्हणाले आणि मी हसले. तोंड न झाकता. गुरुजींनी चमकून पाहिलं, मग तेही हसले. दोन वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं, आणि बहुधा त्यांनीही मला.

ठमीनं विचारलं, "बाई, नवे दात आले?"

"जुनेच आहेत. लपले होते."

१० सप्टेंबर

झोप लागत नाही. दुःखानं नाही, उगाचच. दिवसातून दहा वेळा आरसा. आता पुढं काय, असं सारखं वाटतं. बाहेरून एस.एस.सी.ला बसावं का? वाटेत मुलांच्या शाळेतल्या पिंपळनेरकर मास्तरांनी नमस्कार केला आणि मी हसून केला, एवढ्यावर दुपारभर छाती धडधडत होती. मग आठवलं मी कोण आहे ते. दाताला आलेला आकार रक्तातल्या गोष्टीला येत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

दिवाळीत तळ्याला होते तेव्हाच शंका आली होती, लिहायचा धीर झाला नाही. वरच्या मधल्या दोन दातांमध्ये पुन्हा बोंड आलंय. तांदळाच्या दाण्याएवढं. जिभेला सारखं लागतं. जीभ दुसरीकडे जातच नाही.

मीठ लावून बोटानं चोळलं. रक्त आलं. आणखी चोळलं.

२० डिसेंबर, शनिवार

चौलकरांकडे गेले. आता खालीही सुरुवात झालीय.

त्यांनी सळईनं एकेक फट तपासली. मग हात धुतले, खुर्चीसमोर स्टूल ओढलं आणि बसले. "बाई, अशी वाढ मी शिकताना पाहिली आहे. फिट येणाऱ्या माणसांना जी गोळी देतात, तिनं काहींच्या हिरड्या अशा वाढतात. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तुम्ही ती गोळी घेता का?"

बाहेरच्या बाकावर तीन माणसं बसली होती. मध्ये फक्त कापडी पडदा.

"मला कसलीही फिट येत नाही," म्हणून मी उठून निघाले. छत्री तिथंच राहिली.

एस.टी.त बसल्यावर हिशेब लागला. म्हणजे ती गोळीच. रोज सकाळी, रोज रात्री, मी माझ्या हातानं.

२ जानेवारी १९५९, शुक्रवार

ठरवलं. तीन वर्षं झाली, फक्त एकदा पडले आणि तेही तापात. आजार गेलाच असेल. कोणाला माहीत, मी गोळ्या उगाचच खात असेन. आजपासून रात्रीची बंद. आठवड्यानं सकाळची.

१३ जानेवारी, मंगळवार

दोन्ही बंद करून चार दिवस झाले. इतकं हलकं वाटतंय! डोक्यावरचं ओलं घोंगडं काढून ठेवल्यासारखं. मुलींना गाणी शिकवली, फुगड्या खेळायला लावल्या. काल सकाळी उजवा हात आपोआप झटका देऊन उडाला आणि चहाची कपबशी फुटली. थंडीनं असेल.

चंद्राबाई म्हणाल्या, "तुझी ती सकाळची गोळी घेतलीस का?"

"कुठली गोळी?"

"लोणच्याच्या बाटलीतली," त्या म्हणाल्या आणि सुपाऱ्या वेचायला वाडीत निघून गेल्या.

माझी ट्रंक उघडतात की काय? फेब्रुवारीत खोली सोडायची, नक्की.

२५ जानेवारी, रविवार

हात दुखतोय, हळूहळू लिहिते. जे लिहितेय ते मला आठवत नाही, सांगितलं ते लिहितेय.

गुरुवारी तिसऱ्या तासाला, शिवणाच्या वर्गात, सगळ्या मुलींसमोर पडले. म्हणे आधी ओरडले. मग खाली, आणि हातपाय. जीभ चावली गेली, तोंडातून लाल फेस. मुली किंचाळत बाहेर पळाल्या. ठमी पळाली ती थेट चंद्राबाईंकडे. त्या आल्या, त्यांनी मला कुशीवर वळवलं, डोक्याखाली पदराची घडी दिली, जमलेल्या बायकांच्या हातातली चप्पल हिसकून फेकली आणि मी शांत होईपर्यंत बसून राहिल्या. घरी आणल्यावर पुन्हा एकदा आलं. त्यांनी ट्रंकेचं कुलूप तोडलं आणि मला भान येताच गोळी दिली.

संध्याकाळी मी विचारलं, "मावशी, तुम्हाला कसं माहीत?"

"तापात पडली व्हतीस तवा बगितलं. दोन वर्सं झाली."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली न्हाईस. मी कशी बोलू?" त्यांनी माझी वेणी सोडून तेल लावायला घेतलं. "बोलले असते तर तू घर सोडून गेली असतीस. दुसऱ्या घरी तुला विहिरीवर कोण राखील?"

मी उशीत तोंड घालून पडून राहिले. कडी. रहाट. चूल. सुरूच्या झाडांपाशी अनवाणी पायांनी धापा टाकणारी म्हातारी. आणि मी तिच्याबद्दल या वहीत काय काय लिहिलंय.

२७ जानेवारी, मंगळवार

शाळेत गेले नाही. आता सगळं संपलं असं धरून ट्रंक भरत होते, तर पडवीत बायका. सहा-सात. हातात खण, नारळ, हळदकुंकू. मी बाहेर आले तशा वाकून पायाच पडल्या.

गावात पसरलंय ते असं की बाईंच्या अंगात देवी आली! तोंडातून रक्त आलं ते देवीचं.

एकीनं विचारलं, तिच्या मुलाला गिरणीत लावतील का. "मला माहीत नाही," एवढंच म्हटलं. तिनं डोळे मिटून हात जोडले. "देवी खरं बोलते," ती दुसरीला म्हणाली, "न्हाई तं न्हाई."

त्या गेल्यावर मी चंद्राबाईंना म्हटलं, "हे काय चाललंय?"

"चालू दे की. दगड मारण्यापरीस पाया पडतायत ते बरं."

२८ जानेवारी, बुधवार

धर्माजी गुरुजींनी कचेरीत बोलावलं. दार लोटलं. माणूस नियमाचा, पण आज बोलताना शाईच्या दौतीकडे पाहत होते.

"शिगवणबाई, मी त्या वेळी कचेरीत होतो. मी काही पाहिलं नाही. बायका म्हणतात अंगात आलं. अंगात येणं हा काही स्कूल बोर्डाच्या नियमांतला आजार नाही. मला त्यावर वर काही लिहिण्याचं कारण नाही."

"आणि तो आजार असेल तर?"

"तर मला लिहावं लागेल. दाखला खोटा होता हेही लिहावं लागेल." मग हळूच, "कालपासून चार नव्या मुली शाळेत आल्यात, माहीत आहे? पटावर कधीच नव्हत्या त्या. आयांना वाटतं, देवीच्या शाळेत पोरी सुखरूप राहतील."

म्हणजे मी फक्त गप्प बसायचं. गप्प बसण्यात माझा हात कोणी धरणार नाही. तेरा वर्षं तेच केलंय.

१ फेब्रुवारी, रविवार

गोळ्या पुन्हा रोज दोन. हिरड्या नुसत्या फोफावल्यात असं वाटतं, कदाचित तसं नसेलही. आज आणखी पाच बायका. एक जण साखर ठेवून गेली. चंद्राबाईंनी तिचा शिरा केला. मी खाल्ला. चांगला झाला होता, आणि त्याचीच लाज वाटली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मुली आता माझ्या टेबलापासून चार हात लांब उभ्या राहतात. कोणी गोंधळ करत नाही. कोणी हसतही नाही. आज ठमीनं पाटी दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तशी, पुढं केली आणि पायाला हात लावला.

मी तिला थांबवून घेतलं. "ठमे, माझे दात दिसतात का गं?"

तिनं माझ्याकडे न पाहता सांगितलं, "दिसतात बाई. लई सुंदर हायत."

दात अर्धे झाकलेत. हे तिला दिसत होतं, मला दिसत होतं, आणि पहिल्यांदाच ती पोर माझ्याशी खोटं बोलली. भिऊन. तिचं तोंड मी बंद केलं.

आजचा दिवस मला ढकलवेना. खोलीत बसवेना, वाडीत जाववेना. चंद्राबाईंना म्हटलं, समुद्रावर चला. दोघी अंधार पडायच्या आत परतलो. वाटेत मी त्यांना माझं ठरलेलं सांगितलं. त्या म्हणाल्या, "नोकरी गेली तर वाडीत सुपाऱ्या सोलशील?" मी म्हटलं, शिकवा.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आरोग्याच्या तासाला खरूज आणि नारू शिकवायचा होता. त्याऐवजी फळ्यावर लिहिलं: फेफरं. मुलींना सांगितलं, हा मेंदूचा आजार आहे, मला आहे, यात देवी नाही आणि भूत नाही. कोणी पडलं तर काय करायचं ते ठमीला खाली निजवून दाखवलं. कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, चप्पल हुंगवू नका. गोळीची बाटली दाखवली. या बाटलीला लेबल आहे, काल रात्री मी स्वतः लिहून चिकटवलेलं.

ठमी जमिनीवर पडल्या पडल्याच म्हणाली, "बाई, मंग त्या दिवशी तुम्ही वरडलात ते काय म्हनालात? आई म्हनते देवीचं नाव घेतलं."

"काही नाही म्हटलं. नुसती ओरडले."

"मलाबी तसंच वाटलं," ठमी म्हणाली.

मधल्या सुट्टीत गुरुजींच्या टेबलावर अर्ज ठेवला. आजार, खोटा दाखला, सगळं. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला. "दोन दिवस विचार करा."

"केला, गुरुजी."

"मी वाईट नाही लिहिणार," ते म्हणाले.

२२ फेब्रुवारी, रविवार

बोर्डाचं पत्र. सिव्हिल सर्जनची तपासणी होईपर्यंत कामावर यायचं नाही.

काल दादा येऊन गेला. कोणीतरी तळ्याला कळवलं. पडवीत उभा राहूनच बोलला. "माझं लगीन ठरत व्हतं. पोरीचा बाप कालच न्हाय म्हनून गेला. तुला गावभर सांगायची काय गरज पडली?" माझ्याकडे उत्तर होतं पण ते त्याच्या कामाचं नव्हतं. पाणी न घेता गेला. बाटली मात्र ठेवून गेला.

ते लग्न मी मोडलं. हे खरं आहे आणि सांगायलाच हवं होतं हेही खरं आहे, आणि दोन्ही एकदम डोक्यात मावत नाहीत.

७ मार्च, शनिवार

चौलकरांकडे गेले. छत्री त्यांनी कपाटात जपून ठेवली होती. खोटं बोलल्याबद्दल काही बोलले नाहीत. गोळी बंद केल्याचं कळल्यावर मात्र भडकले. "कोणाला विचारून? मुंबईच्या डॉक्टरला? मला? एकदम बंद केली की माणूस त्यात जातो, कळतंय का?"

मी मान खाली घालून ऐकलं. बरं वाटलं, खरं तर. माझ्या आजारावरून उघड्या आवाजात मला कोणी रागावण्याची ही पहिलीच वेळ.

मग शांतपणे सांगितलं. गोळी सोडायची नाही. मुंबईला पत्र लिहून विचारू, बदलता येते का, बहुधा नाही. जेवल्यावर प्रत्येक वेळी दात स्वच्छ घासायचे, हिरड्या बोटानं चोळायच्या. त्यानं वाढ मंदावते, थांबत नाही.

"मग पुन्हा कापायच्या?"

"मी कापीन, त्या वाढतील, मी पुन्हा कापीन. अजून वीसेक वर्षं माझा हात थरथरणार नाही."

पुढची बैठक एप्रिलअखेर ठरली. सिव्हिल सर्जनसाठी त्यांनी आपणहून चिठ्ठी दिली.

११ एप्रिल, शनिवार

हुकूम आला. जूनपासून रुजू व्हायचं, दर सहा महिन्यांनी औषध चालू असल्याचा दाखला द्यायचा. खोट्या दाखल्याबद्दल ठपका, सेवापुस्तकात लाल शाईनं. कायम करण्याचं लांबणीवर.

गुरुजी स्वतः पत्र घेऊन आले. त्यांनीच सांगितलं की नव्या चार मुली शाळेत येईनाशा झाल्या, आणि जुन्यांपैकी नऊ जणींची नावं आईबापांनी काढली. "पुढल्या वर्षी दारोदार जाऊ," ते म्हणाले. "दोघं जाऊ."

दादाचं पत्र नाही. बाटली या खेपेला लाँचवरच्या एका माणसाबरोबर आली.

१९ एप्रिल, रविवार

दुपारी चौलच्या बाजूच्या आवडाबाई म्हणून एक बाई आल्या, सोबत तेरा वर्षांची मुलगी, राही. चालत आल्या होत्या. हातात नारळ. देवीची जुनी बातमी त्यांच्यापर्यंत आत्ता पोचली असावी. राहीच्या कपाळावर पडल्याची खूण होती आणि दंडावर डाग. ते डाग मला ओळखीचे.

मी सांगितलं, देवी नाही. आवडाबाईंचा चेहरा उतरला. मग मी गोळीचं सांगितलं.

"त्यानं बरी व्हईल पोर?"

"पडायची पुष्कळ कमी होईल. पण गोळी रोज घ्यावी लागेल. कदाचित जन्मभर."

"आन दुसरं काय वंगाळ व्हत न्हाय ना?"

बैठकीला अजून आठवडा आहे. हिरड्या भरून आल्यात. मी उजेडाकडे वळले, वरचा ओठ बोटानं उचलून धरला आणि तोंड उघडलं. आवडाबाईंनी नजर वळवली. राही मात्र जवळ आली, अगदी नाकाला नाक लागेल इतकी, आणि एकेक दात पाहिला.

"जेवता येतं?"

"येतं."

"शाळंत शिकवता येतं?"

"येतं."

ती आईकडे वळून म्हणाली, "आपन जाऊ."

आवडाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "मुंबई कुटं ठावं हाय आमाला? लिव्हलेलं कोन वाचील? हिला तर दोन वर्सांमागं शाळंतनं काढली, वर्गात पडली तवा."

मी कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं. रेवसला लाँच धरायची, भाऊच्या धक्क्यावर उतरायचं, तिथून दवाखान्यापर्यंतची वाट, कोणत्या वारी जायचं, कोणाला भेटायचं. कागद मी आईला दिला नाही, राहीला दिला. म्हटलं, वाच.

तिनं बोट ठेवलं. वाचायची सवय गंजली होती. रे-व-स आलं, लाँच आली, भाऊच्यापाशी थांबली आणि पुढच्या जोडाक्षरावर अडकली. माझ्याकडे पाहिलं. चंद्राबाई सांगायला गेल्या, मी हातानं थांबवलं. राहीनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, रेवसपासून, आणि या खेपेला ती नीट धक्क्यावर उतरली.